"घेतलीये, आता गोळी घेऊ का?" पेनकिलर आणि दारूचा हिशोब, पायरी-पायरीने

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही आणि मेडिकलवालाही नाही. चाकणला कंपनीत शिफ्ट करतो, रोज बाईकवर येऊन-जाऊन साठेक किलोमीटर, त्यामुळे कंबर कायमची धरलेली. तीन वर्षांपूर्वी रोज एक कंबरदुखीची गोळी आणि शुक्रवार-शनिवार क्वार्टर असं जवळपास चार महिने चाललं होतं, आणि मग एका सकाळी संडासात खाली बघितलं तर डांबर. अक्षरशः डांबर, काळं, चिकट, आणि वास असा की विसरता येत नाही. आदल्या रात्री काळ्या मसाल्याचं मटण झालेलं, त्याचंच असेल म्हणून मी दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी जिना चढताना डोळ्यापुढे अंधारी आली. हिमोग्लोबिन ६.९ निघालं, दुर्बीण घातली तर जठरात अल्सर, आणि दोन पिशव्या रक्त चढवावं लागलं.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टर मॅडमनी विचारलं, दारू घेता का? मी म्हटलं, कधीमधी. बायको शेजारीच उभी होती, ती म्हणाली, "मॅडम, कधी म्हणजे शुक्रवारी आणि मधी म्हणजे शनिवारी."

तेव्हापासून मित्रांचे मला फोन येतात, घेतलीये रे, डोकं दुखतंय, गोळी घेऊ का. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच काढतोय. हे सगळं साधारण धडधाकट मोठ्या माणसासाठी आहे. लिव्हर, किडनी, हार्ट यातलं काही आधीपासून असेल किंवा बाई गरोदर असेल तर इथलं वाचून काही ठरवू नका, तुमच्या डॉक्टरांना विचारा.

१. घरातल्या सगळ्या गोळ्या टेबलावर ओता

लागणारं सामान असं:
- घरातल्या, बॅगेतल्या, बाईकच्या डिकीतल्या, ऑफिसच्या ड्रॉवरमधल्या सगळ्या पट्ट्या
- एक पेन आणि फोनचा कॅमेरा (मागची अक्षरं इतकी बारीक असतात की फोटो काढून झूम केल्याशिवाय वाचता येत नाहीत)
- बीपी, शुगर, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचं प्रिस्क्रिप्शन
- मागच्या वर्षभरातले रिपोर्ट असतील तर एलएफटी (लिव्हरची तपासणी), क्रिएटिनिन (किडनीची) आणि सीबीसी (रक्ताची)

मॅडमनी माझ्याकडून हेच करून घेतलेलं. बायकोने प्लास्टिकची पिशवी त्यांच्या टेबलावर उलटी केली, त्यांनी पेनाने एकेका पट्टीच्या मागे गोल करायला सुरुवात केली. कंबरेची गोळी, दुसऱ्या पेनकिलरसोबत पॅरासिटामॉल. तापाची गोळी, पॅरासिटामॉल. सर्दीची, पॅरासिटामॉल. डोकेदुखीची, परत पॅरासिटामॉल. चार वेगवेगळी नावं, चार वेगवेगळे रंग, आणि प्रत्येकीत हा माल होताच. मी कधीकधी एका दिवसात यातल्या तीन घ्यायचो आणि मला वाटायचं मी तीन वेगळी औषधं घेतोय.

२. पुढचं नाव सोडा, मागचं वाचा

पुढे मोठ्या अक्षरात असतं ते दुकानाचं नाव समजा, माल मागे लिहिलेला असतो. क्रोसिन, कॅलपॉल, डोलो म्हणजे नुसतं पॅरासिटामॉल, फक्त ५०० मिलीग्रॅमची आहे का ६५० ची ते बघायचं. कॉम्बिफ्लाम म्हणजे आयब्युप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५. सिनारेस्टमध्ये पॅरासिटामॉल ५०० आणि वर झोप आणणारं क्लोरफेनिरामिन. डिस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन. पाळीच्या दुखण्यावरच्या गोळ्यांमध्ये बहुतेक वेळा मेफेनॅमिक ॲसिड असतं, तेही आयब्युप्रोफेनच्याच खानदानातलं. ॲसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉलची जोडगोळी तर निम्म्या महाराष्ट्राच्या गुडघ्यांना माहितीये.

पट्टीच्या कडेला उभी लाल रेघ असेल तर ती चिठ्ठीशिवाय द्यायची नसते. डायक्लोफेनॅक, ट्रामाडॉल या पेनकिलरवर ती असते. काउंटरवर मागितली की मिळते म्हणून ती साधी गोळी ठरत नाही.

आता आपल्याकडचा खास घोळ. आपण म्हणतो "दोन गोळ्या द्या", तो कात्रीने पट्टी कापतो आणि कापलेल्या तुकड्यावर नावाचं शेपूट तेवढं उरतं, "...मॉल" किंवा "...नॅक", एक्सपायरी तर गेलीच. कापायच्या आधी पूर्ण पट्टीचा मागून फोटो काढा. मेडिकलवाल्या काकांना विचित्र वाटेल, वाटू द्या.

३. पॅरासिटामॉल: हा लिव्हरचा मामला

पॅरासिटामॉल पोटाला सौम्य, म्हणून लोक बिनधास्त असतात. लिव्हर या गोळीचा बहुतेक भाग निरुपद्रवी करून लघवीवाटे काढून टाकतं, पण थोडासा भाग मधल्या वाटेत विषारी होतो, आणि ते विष लगेच साफ करायला लिव्हरमध्ये ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ असतो. नॉर्मल माणसात सगळं सुरळीत. रोज पिणाऱ्या माणसात दोन गोष्टी होतात, ते विष बनवणारी यंत्रणा दारूमुळे वाढते आणि ग्लुटाथायोन घटतं. आमच्या कंपनीच्या भाषेत, घाण करणारं मशीन डबल शिफ्टला आणि साफसफाईवाले सुट्टीवर.

म्हणून आकडे लक्षात ठेवा. धडधाकट माणसाला २४ तासांत जास्तीत जास्त ४ ग्रॅम, म्हणजे ५०० च्या आठ. ही मर्यादा झाली, रोज तिथपर्यंत जायचं असं नाही. नेहमी पिणाऱ्याला डॉक्टर साधारण २ ग्रॅमवर आणतात, म्हणजे ६५० च्या तीन झाल्या की कोटा संपला, आणि त्यात सर्दीच्या गोळीतलं, कंबरेच्या गोळीतलं सगळं धरायचं. दोन डोसमध्ये चार ते सहा तासांचं अंतर.

आता उलट्या बाजूनेही सांगतो, कारण व्हॉट्सॲपवर याचं पार भूत करून ठेवलंय. महिन्यातून एकदा लग्नाच्या पार्टीत दोन पेग घेतले, सकाळी पोटात काहीतरी टाकलं आणि ५०० ची एक गोळी घेतली म्हणून धडधाकट माणसाचं लिव्हर निकामी होत नाही. धोका आहे तो रोजच्या पिण्यात, उपाशीपोटात आणि न मोजलेल्या गोळ्यांत.

४. ब्रुफेन, डायक्लो, ॲस्पिरिन: हा पोटाचा मामला (आणि किडनीचा)

ब्रुफेन म्हणजे आयब्युप्रोफेन, डायक्लो म्हणजे डायक्लोफेनॅक. माझं जे झालं ते यातलं, कंबरेच्या गोळीत पॅरासिटामॉलसोबत यातलंच एक होतं. जठराच्या आतलं अस्तर ॲसिडपासून वाचवायला शरीर स्वतः काही रसायनं बनवतं, आणि दुखणं थांबवताना या गोळ्या नेमकी तीच रसायनं कमी करतात. वरून दारू त्याच अस्तराला चटके देते. ॲस्पिरिनने तर रक्त गोठायची ताकद आठवडाभर कमी होते, म्हणजे जखम झालीच तर वाहत राहते.

वाईट भाग असा की पोटात दुखलंच पाहिजे असं नाही. मला जळजळसुद्धा फारशी नव्हती. गोळी पेनकिलरच आहे ना, ती अल्सरचं दुखणंही झाकू शकते.

इथे लोक हमखास म्हणतात, मी सोबत पॅन-४० घेतो, मला काही होत नाही. पॅन्टोप्रॅझोल ॲसिड कमी करतं, रक्तस्रावाचा धोका घटतो हे खरं, पण ते लिव्हरला वाचवत नाही, किडनीला वाचवत नाही आणि पिण्याचं लायसन तर अजिबात नाही. मीही अधूनमधून घेत होतो बरं का.

किडनीचं थोडक्यात: दारूने लघवी जास्त होते, अंगातलं पाणी कमी होतं, त्यात उलट्या झाल्या असतील तर अजूनच, आणि अशा कोरड्या अंगावर डायक्लो घेतलं की किडनीला जाणारं रक्त कमी होतं. बीपीसाठी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल, आणि जोडीला लघवीची गोळी चालू असेल (बऱ्याच जणांची ती एकाच गोळीत असते) तर तिहेरी मार. आमच्या सासरेबुवांची हीच केस, बीपीची गोळी सकाळी, गुडघ्याची दुपारी, आणि संध्याकाळी "थोडीशी". आता त्यांना गुडघ्याला मलम लावायला दिलंय, चिडतात पण लावतात.

५. दारू पेगात मोजू नका, ग्रॅममध्ये मोजा

कंटाळवाणं वाटेल पण खरी गंमत इथेच आहे, कारण "मी फक्त बियर घेतो" म्हणणारे सगळ्यात जास्त फसतात. ३० मिलीचा एक छोटा पेग, व्हिस्की असो वा रम, म्हणजे साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. यावर बाकीचं लावा:

- ६० चा पेग: २० ग्रॅम
- क्वार्टर, १८० मिली: ६० ग्रॅम, म्हणजे सहा छोटे पेग
- माइल्ड बियरची मोठी बाटली, ६५० मिली, ५ टक्के: २५ ग्रॅमच्या आसपास
- स्ट्राँग बियरची मोठी बाटली, ८ टक्के: ४१ ग्रॅम, चार छोट्या पेगांपेक्षा जास्तच

अमेरिकेत १९९८ मध्ये पॅरासिटामॉल आणि ब्रुफेन-ॲस्पिरिनच्या खोक्यांवर इशारा छापायला लावला होता, की रोज तीन किंवा जास्त ड्रिंक घेत असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. त्यांचं एक ड्रिंक १४ ग्रॅमचं, म्हणजे तीन झाले ४२ ग्रॅम. आपल्या एका मोठ्या स्ट्राँग बाटलीत तो कोटा जवळपास पुरा होतो. "एकच बियर" वाला माणूस तिथे इशाऱ्याच्या रांगेत उभा असतो.

गोव्याला जाणाऱ्यांसाठी वेगळं, मार्च ते मे उर्राकचा सीझन असतो, लिम्का टाकून सरबतासारखी जाते, हलकी आहे म्हणतात. फेणीच्या मानाने हलकी आहेच, पण १५ टक्क्यांच्या आसपासची उर्राक ग्लासात २०० मिली गेली की २४ ग्रॅम झाले, आणि उन्हात एक ग्लास कुणी पीत नाही.

लिव्हर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम काढतं. क्वार्टर रात्री ११ ला संपली तर सकाळी ६ ला, कधी ७ लाही, अंगात थोडी असू शकते. झोपल्याने, लिंबूपाण्याने, थंड आंघोळीने हा स्पीड वाढत नाही.

६. मग घेऊ का नको?

*प्यायच्या आधी.* उद्या डोकं दुखेल म्हणून आजच एक टाकून ठेवू, हे करू नका, कुठलीच गोळी नाही. आज दाढ दुखते म्हणून डायक्लो किंवा कॉम्बिनेशन (पॅरासिटामॉलसोबत दुसरं पेनकिलर असलेली गोळी) घेतलीये तर आज प्यायची नाही. दाढेसाठी डेंटिस्टने मेट्रोनिडॅझोल हे अँटिबायोटिक पण दिलं असेल तर कोर्स चालू असेपर्यंत आणि संपल्यावरही दोन-तीन दिवस नाही.

*पिताना किंवा पिऊन लगेच.* नाही. पाणी प्या, जेवा, झोपा. त्या वेळी मोजणारा माणूस शुद्धीत नसतो हे मुख्य कारण, कोणती घेतली, किती घेतल्या, सकाळी कुणालाच आठवत नाही.

*सकाळी.* घाई नको. आधी दोन ग्लास पाणी, मीठ-साखर-लिंबू किंवा ओआरएस, मग पेज, मऊ भात, केळं, जे उतरेल ते. हँगओव्हरच्या डोकेदुखीत पाणी कमी झाल्याचा आणि न झोपल्याचा वाटा असतो, थोडा वेळ दिला की बऱ्याचदा उतरते. नाहीच उतरलं, तुम्ही रोजचे पिणारे नसाल, उलट्या थांबल्या असतील, तर पोटात खाल्लेलं असताना पॅरासिटामॉल ५०० ची एक. डिस्प्रिन, ब्रुफेन, कॉम्बिनेशन यातलं काही नाही, पोट आधीच सोललेलं असतं.

आणि पिऊन कुणी पडलं असेल, डोक्याला मार असेल, तर गोळी देऊन झोपवायचं नाही. दारूमुळे बरळतोय का मेंदूत रक्त साकळतंय हे घरी कळत नाही. हॉस्पिटल.

७. गटारी आणि श्रावणाचा पहिला आठवडा

हे कुठेच नीट लिहिलेलं मी बघितलं नाही, म्हणून जरा सविस्तर. गटारीला काय होतं सगळ्यांना माहितीये, महिनाभराचा कोटा एका रात्रीत. पण माझ्या मते खरी रिस्क दुसऱ्या दिवसापासून सुरू होते, तीही रोज पिणाऱ्याला. तो श्रावण पाळतो, एकदम बंद. चांगली गोष्ट आहे. पण विष बनवणारी ती यंत्रणा दारूने वाढलेली असते, ती दारू थांबली म्हणून लगेच खाली येत नाही, काही दिवस तशीच राहते. गंमत म्हणजे पोटात दारू असताना ती यंत्रणा दारू काढण्यातच गुंतलेली असते, दारू गेली की ती मोकळी, आणि मग पॅरासिटामॉल आलं की सगळा जोर त्याच्यावर. त्यात श्रावणी सोमवार, कुणाचा शनिवार, उपवास, आणि उपाशी राहिलं की ग्लुटाथायोन अजून खाली. दारू सोडली म्हणून डोकं ठणकतंय, म्हणून दिवसाला पाच-सहा गोळ्या, आणि पोटात एक वाटी भगर. तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात जमून येतात, आणि माणसाला वाटतं की आपण तर सगळं सोडलंय, आता कसला धोका.

तर त्या आठवड्यात उपवासाच्या दिवशी शक्यतो गोळीच नको, आणि बाकीच्या दिवशी जेवून, दोन ग्रॅमच्या आत.

दुसरं, रोज पिणाऱ्याने एकदम सोडल्यावर हात थरथरणं, घाम, झोप उडणं, भास होणं, कधी फिट येणं, हे डोकेदुखीच्या गोळीने जात नाही आणि ते जिवावर बेतू शकतं. हे नवसाने सोडणाऱ्यांनी पण डॉक्टरला विचारून सोडावं. नशामुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे.

८. झोप आणणाऱ्या गोळ्या

थोडक्यात, सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन किंवा सेट्रिझिन, स्नायू सैल करणाऱ्या कंबरेच्या गोळ्या, आणि ट्रामाडॉल. पहिल्या दोन दारूसोबत गुंगी वाढवतात, बाईकवर जीव जातो. ट्रामाडॉलसोबत श्वासच मंदावतो. ट्रामाडॉल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, मित्राकडे उरलेली पट्टी म्हणून घेऊ नका.

९. कधी घरी थांबायचं नाही

डांबरासारखी काळी शी (लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते, पण चिकट आणि घाण वासाची झाली की जा). उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही. उजव्या बरगडीखाली दुखणं, डोळे पिवळे, लघवी गडद. लघवी एकदम कमी. माणूस हलवून उठत नाही, श्वास अडखळतो. गाडी येईपर्यंत त्याला कुशीवर ठेवा, उताणा नाही.

आणि सगळ्यात फसवी गोष्ट. पॅरासिटामॉल जास्त गेलं तर पहिल्या दिवशी फक्त मळमळ असते किंवा काहीच नसतं, माणूस चहा पीत बसलेला असतो, लिव्हरची खराबी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते. यावर उतारा आहे, एन-ॲसिटिलसिस्टीन, पण आठ तासांच्या आत सुरू झाला तर सगळ्यात चांगला चालतो. त्यामुळे "बरा दिसतोय की" म्हणून थांबू नका. मुद्दाम घेतल्या असतील तरी ओरडत बसू नका, आधी हॉस्पिटल, नंतर बोलायला टेलिमानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) १४४१६ आहे.

ॲम्ब्युलन्स १०८. दिल्लीच्या एम्सचं विषबाधा माहिती केंद्र, टोल फ्री १८०० ११६ ११७. हे नंबर आमच्या फ्रिजवर लावलेत, खाली बायकोने मॅडमनी गोल केलेल्या एका पट्टीचा रिकामा फॉइल पण चिकटवलाय. फोन कराल तेव्हा पट्टी हातात धरा, कारण सांगायला लागतं ते एवढंच, कुठली, किती आणि किती वाजता.